कातेचे ठोके: मोकळ्या पोहणाऱ्या डॅफ्नियाची हृदयगती व्हिडिओवरून मोजताना

पार्श्वभूमी

पश्चिम महाराष्ट्रातल्या एका महाविद्यालयातला हा एम.एस्सी. प्राणिशास्त्राचा प्रकल्प. मी त्याची मार्गदर्शक होते. विद्यार्थिनीचं आणि सहकाऱ्यांचं नाव इथे दिलेलं नाही, ओळख पटेल असे तपशीलही वगळले आहेत. प्रयोगात जे घडलं ते मात्र जसंच्या तसं मांडते आहे, कारण प्राण्यांची हृदयगती कॅमेऱ्याने मोजू पाहणाऱ्या कुणाचाही पाय याच खड्ड्यात पडू शकतो.

डॅफ्निया म्हणजे पाणपिसू. तळ्यात, डबक्यात सापडणारा दोन-तीन मिलिमीटरचा कवचधारी जीव. मासे पाळणारे पिल्लांना जिवंत खाद्य म्हणून तो घालतात. त्याचं अंग इतकं पारदर्शक असतं की साध्या भिंगातूनही आतलं सगळं दिसतं: डोक्यात एकच काळा डोळा, शेवाळ खाल्लं असेल तर हिरवं दिसणारं आतडं, पाठीकडे डोक्याच्या मागे धडधडणारं हृदय आणि त्याच्या मागच्या पोकळीत अंडी किंवा पिल्लं. रक्तवाहिन्यांचं जाळं नाही, हृदय उघड्या पोकळीत रक्त ढवळत राहतं. नेहमीच्या तापमानाला मिनिटाला साधारण 200 ते 300 ठोके पडतात, गरम पाण्यात त्याहूनही जास्त.

पदवीच्या प्रात्यक्षिकात हे ठोके मोजायची जुनी पद्धत अशी. खोलगट काचपट्टीवर पाण्याचा थेंब घ्यायचा, कापसाच्या तंतूंत प्राणी अडकवायचा, सूक्ष्मदर्शकात बघत प्रत्येक ठोक्याला कागदावर पेनाने एक ठिपका द्यायचा, पंधरा सेकंदांचे ठिपके मोजून चारने गुणायचं. सेकंदाला चार-पाच ठिपके देताना हात मागे पडतो, आणि कुणाचा हात किती मागे पडतो हे सांगता येत नाही. प्राण्याचं बघावं तर तो अडकलेला असतो, थेंबातला प्राणवायू कमी होत जातो, दिव्याने थेंब तापतो आणि तो सुटायची धडपड करत असतो. अशा अवस्थेतले ठोके त्याचे नेहमीचे म्हणायचे का? विद्यार्थिनीचा प्रश्न इथूनच निघाला. प्राण्याला न अडकवता, पोहू देऊन, 18, 23 आणि 28 अंशांना त्याची हृदयगती मोजायची होती.

मांडणी साधी होती. पेट्री डिशमध्ये सुमारे चार मिलिमीटर पाणी, म्हणजे प्राणी आडवा हवा तसा फिरेल पण कॅमेऱ्याच्या फोकसबाहेर फार जाणार नाही. डिशखाली बटर पेपर, त्याखाली एलईडी बल्ब. वर स्टँडला मोबाईल आणि त्याला क्लिपचं मॅक्रो भिंग. पायथॉन या संगणकभाषेतला छोटा प्रोग्राम प्रत्येक फ्रेममध्ये काळा डोळा शोधायचा, आतड्याच्या रेषेवरून अंगाची दिशा ठरवायचा आणि चित्र फिरवून प्राणी जणू एका जागी स्थिर आहे असं करून घ्यायचा. मग हृदयाच्या जागेवर छोटी चौकट ठेवून तिथला सरासरी उजेड फ्रेमगणिक नोंदवायचा. हृदय आकुंचन पावलं की उजेड किंचित बदलतो. त्या चढउताराचं फूरिए विश्लेषण करून, म्हणजे त्यात कोणकोणत्या वेगाची आवर्तनं किती जोरात आहेत ते वेगळं काढून, सेकंदाला 2 ते 7 आवर्तनांमधलं सर्वांत उंच टोक म्हणजे हृदयगती, असं आम्ही धरलं.

माणसाच्या चेहऱ्याच्या व्हिडिओवरून नाडी मोजतात ती कल्पना याच्या जवळची, पण तंतोतंत तीच नाही. साध्या उजेडात, साध्या कॅमेऱ्याने माणसाची नाडी टिपता येते हे 2008 साली व्हर्क्राइस आणि सहकाऱ्यांनी दाखवलं. तिथे त्वचेखालच्या रक्तातलं हिमोग्लोबिन हिरवा प्रकाश शोषतं आणि ठोक्यागणिक रंगछटेत अगदी सूक्ष्म फरक पडतो. 2012 मध्ये अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेच्या गटाने असे न दिसणारे बदल व्हिडिओत फुगवून दाखवण्याची पद्धत मांडली. केसाळ, पिसांच्या किंवा खवल्यांच्या प्राण्यात त्वचाच दिसत नाही. डॅफ्नियात ती अडचण नाही, हृदय प्रत्यक्ष हलताना दिसतं. त्यामुळे हे काम सोपं असेल असा माझा समज होता.

अडचण

पहिल्या आठवड्यात सकाळी खिडकीच्या उन्हात काही चाचणी व्हिडिओ घेतले. प्रोग्रामचे आकडे आणि आम्ही हाताने मोजलेले ठोके चांगले जुळले. पुढे दिवसा प्रयोगशाळेत बी.एस्सी.ची प्रात्यक्षिकं सुरू झाली, म्हणून खरी नोंद संध्याकाळी पाचनंतर, बल्बच्या उजेडात होऊ लागली. प्राणी पळत असल्याने चित्र पुसट येत होतं. विद्यार्थिनीने मोबाईलमध्ये सगळं हाताने ठरवता येईल असं कॅमेऱ्याचं ॲप घेतलं आणि शटरचा वेग, म्हणजे एका चित्रासाठी उजेड आत येऊ देण्याचा काळ, सेकंदाच्या पाचशेव्या भागावर नेला. चित्र लख्ख झालं. त्या ॲपमध्ये फ्रेमचा वेग, म्हणजे सेकंदाला टिपल्या जाणाऱ्या चित्रांची संख्या, आधीपासून 24 होता, सिनेमासारखा. तो कुणी बदलला नाही.

महिनाभराने आलेख आला तो जवळजवळ सपाट. 18 अंशांना 230 च्या पुढेमागे, 23 ला तेच, 28 ला तेच. थंड रक्ताच्या प्राण्यात तापमान 10 अंशांनी वाढलं की हृदयगती साधारण दुप्पट होते, असं आपण दरवर्षी वर्गात शिकवतो. इथे काहीच हलत नव्हतं.

पहिला निर्णयाचा क्षण हा होता, आणि तो मी नीट ओळखला नाही. विद्यार्थिनीने विचारलं, "मॅडम, मोकळ्या प्राण्यात तापमानाचा परिणाम होत नाही, असं असेल का? अडकवलेल्या प्राण्यातच तो दिसत असेल?" विचार आकर्षक होता. सगळे आजवर अडकवून मोजत आले, आम्ही मोकळं सोडून मोजलं आणि वेगळं दिसलं. एका परिषदेसाठी सारांश पाठवायची मुदत आठ दिवसांवर होती. मी तिला मसुदा करायला सांगितलं. सकाळच्या उन्हातल्या चाचण्यांमध्ये तापमानाचा फरक दिसत होता, ही गोष्ट तिच्याच वहीत होती. ती मी त्या दिवशी उघडून पाहिली नाही.

मसुदा मी भौतिकशास्त्राच्या एका सहकाऱ्यांना वाचायला दिला. त्यांना डॅफ्नियाविषयी काही ठाऊक नव्हतं. त्यांनी एकच विचारलं, "चौकट जिथं हृदय नाही तिथं ठेवून बघितलीत का?"

नव्हती ठेवली.

डॅफ्निया वाढताना दर काही दिवसांनी कात टाकतो. ती काचेसारखी रिकामी टरफलं डिशमध्ये पडलेली असतातच. विद्यार्थिनीने त्याच संध्याकाळच्या एका व्हिडिओत पडून असलेल्या कातेवर हाताने चौकट ठेवली आणि प्रोग्राम चालवला. मिनिटाला 238 ठोके. मग नुसत्या पाण्यावर ठेवली. तिथेही 238.

कारणाचा शोध

आपल्याकडे विजेची वारंवारता 50 हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला 50 आवर्तनं, आहे. विजेचा प्रवाह प्रत्येक आवर्तनात दोनदा शिखराला जातो, म्हणून साध्या एलईडी बल्बचा उजेड सेकंदाला 100 वेळा कमीजास्त होतो. डोळ्याला ते जाणवत नाही. कॅमेरा मात्र सेकंदाला 24 क्षणचित्रं घेतो. 24 ची चौपट 96. 100 आणि 96 मध्ये फरक 4. म्हणजे बल्बचं 100 वेळचं लुकलुकणं व्हिडिओत सेकंदाला 4 वेळचं होऊन उतरतं. चार गुणिले साठ, मिनिटाला 240. डॅफ्नियाच्या ठोक्यांच्या अगदी मधोमध.

शटर संथ असतं तर हे इतकं दिसलं नसतं. उघडीप सेकंदाच्या शंभराव्या भागाची असेल तर बल्बचं एक पूर्ण लुकलुकणं तिच्यात मावतं आणि त्याची सरासरी होऊन ते दिसेनासं होतं. मोबाईल एरवी स्वतःहून ही काळजी घेतो. पळत्या प्राण्याचं चित्र लख्ख यावं म्हणून आम्ही शटर वेगवान केलं आणि तेच संरक्षण काढून टाकलं. नंतर व्हिडिओ मोठ्या पडद्यावर लावला तेव्हा फिकट आडवे पट्टे सरकताना दिसले. तोवर आम्ही सगळं मोबाईलवरच पाहत होतो.

मला सर्वांत अस्वस्थ केलं ते पुढच्या गोष्टीने. आमचे आकडे अगदी एकसारखे नव्हते, 228 ते 246 मध्ये हलत होते, आणि त्या हलण्यालाच आम्ही प्राण्याप्राण्यांतला नैसर्गिक फरक समजलो होतो. देशाच्या विद्युत ग्रिडची वारंवारता 49.90 ते 50.05 हर्ट्झच्या पट्ट्यात राखण्याचा नियम आहे. दुप्पट करा, 96 वजा करा, साठने गुणा: 228 ते 246. मागणीप्रमाणे ग्रिड जशी वरखाली होत होती तसे आमचे 'ठोके' हलत होते. एकाच व्हिडिओत पाच प्राणी असले तर पाचही जणांची गती एकाच वेळी वाढायची, एकाच वेळी उतरायची. हे आलेखात उघड दिसत होतं. प्रत्येक प्राण्याचा आलेख वेगळ्या पानावर काढला असल्याने कुणी शेजारी ठेवून पाहिलं नाही.

तपासलेले पर्याय

सारांश अर्थातच पाठवला नाही. त्यात चर्चा करण्यासारखं काही नव्हतं. प्रश्न होता तो पुढे काय करायचं याचा, हातात जेमतेम दोन महिने असताना.

जुन्या काचपट्टीच्या पद्धतीकडे परत जाणं सर्वांत सुरक्षित होतं. प्रबंध वेळेत झाला असता, पण मूळ प्रश्नच सोडून द्यावा लागला असता. दुसरा मार्ग प्रोग्राममध्ये 4 हर्ट्झच्या आसपासचा भाग गाळून टाकण्याचा. तो आम्ही लगेच नाकारला, कारण 23 अंशांना खरे ठोकेही तिथेच पडत होते. गाळणी लावली की दिव्याबरोबर हृदयही गेलं असतं.

महिनाभराचे व्हिडिओ वाचवता येतील का, यावर मात्र आम्ही बराच वेळ घालवला. चौकटीतल्या उजेडाला शेजारच्या रिकाम्या पाण्याच्या उजेडाने भागायचं, म्हणजे दोन्हीकडे सारखं असलेलं लुकलुकणं जाईल, अशी कल्पना. त्यातही एक मेख निघाली. मोबाईलचा कॅमेरा सगळं चित्र एकदम टिपत नाही, ओळीमागून ओळ वाचत जातो, त्यामुळे वरच्या आणि खालच्या ओळींत लुकलुकण्याची वेळ वेगळी असते. तुलनेचं पाणी हृदयाच्या त्याच आडव्या ओळींतून घ्यावं लागतं. तसं करून पाहिलं. 18 आणि 28 अंशांच्या बऱ्याच व्हिडिओंत दिव्याखाली दडलेलं दुसरं टोक वर आलं. 23 च्या व्हिडिओंत दोन्ही टोकं एकमेकांत मिसळलेली राहिली. तीनपैकी एका तापमानाची नोंद कच्ची आणि दोन तापमानांची बरी, असं मिश्रण घेऊन निष्कर्ष काढणं मला पटेना. विद्यार्थिनीला एक महिन्याचं काम टाकून द्यायला सांगणं जड गेलं. ती रडली नाही, पण दोन दिवस आली नाही.

चौथा पर्याय फ्रेमचा वेग 25 करण्याचा. 100 ला 25 ने पूर्ण भाग जातो, म्हणून लुकलुकणं जवळपास थिजून राहतं आणि ठोक्यांच्या पट्ट्यात येत नाही. एका बटणाचं काम. तरीही दोष दूर होत नाही, फक्त दुसरीकडे ढकलला जातो, म्हणून आम्ही उजेडच बदलायचा ठरवलं.

केलेली कृती

प्रयोगशाळेतल्या मामांनी जुन्या यूपीएसची 12 व्होल्टची बॅटरी आणून दिली. तिच्यावर 12 व्होल्टची एलईडी पट्टी सरळ जोडली. बॅटरीचा प्रवाह एका दिशेने सलग वाहतो, लुकलुकण्याचा प्रश्नच उरत नाही. उजेड कमी करायला डिमर लावला नाही, कारण बहुतेक डिमर दिवा भराभर चालूबंद करूनच उजेड कमी करतात. त्याऐवजी बटर पेपरचा आणखी एक थर घातला.

दुसरं, फ्रेमचा वेग 120 केला. खोलीतल्या ट्यूबलाइटचा उजेड चुकून डिशवर आलाच तरी 120 आणि 100 मधला फरक 20, म्हणजे मिनिटाला 1200. तिथे कुठलंही हृदय नाही, त्यामुळे तो लगेच ओळखू येतो.

संथ गतीच्या व्हिडिओत आणखी एक खाच असते. काही मोबाईल 120 फ्रेमचा व्हिडिओ 30 फ्रेमचा म्हणून जतन करतात, मग प्रोग्रामला ठोके चौपट हळू दिसतात. म्हणून प्रत्येक व्हिडिओच्या सुरुवातीला काही सेकंद स्टॉपवॉच टिपायचं ठरलं. फाइलवर लिहिलेल्या वेगावर विसंबणं बंद केलं.

उजेड सुधारल्यावर तापमानाचा फरक दिसू लागला, पण काही व्हिडिओंत आकडा विचित्र यायचा. एक-एक फ्रेम पाहिल्यावर कळलं की प्राणी थोडा वळला की चौकट हृदयावरून घसरून छातीच्या पायांवर जायची. डॅफ्निया हे पाय सतत हलवून पाणी गाळतो आणि त्यांची लयही मिनिटाला शेकड्यांत असते. म्हणजे दिवा गेला तरी प्राण्याच्या अंगातच हृदयासारखी दुसरी लय होती. उपाय म्हणून पायांवर मुद्दाम दुसरी चौकट ठेवली. दोन्ही चौकटींत एकच टोक आलं तर तो तुकडा बाद.

डोळ्याचाही त्रास झाला. डॅफ्नियाचा डोळा जागच्या जागी थरथरत असतो. त्याच्या आधाराने चित्र स्थिर केलं की ती थरथर हृदयाच्या चौकटीत शिरते. मग डोळ्याची जागा थोड्या फ्रेमची सरासरी घेऊन ठरवली आणि दिशेसाठी सगळ्या अंगाची कडा वापरली.

पडताळणीसाठी 240 फ्रेमचे वेगळे व्हिडिओ घेऊन ते 30 फ्रेमने चालवले. आठपट संथ, म्हणजे सेकंदाला चार पडणारे ठोके दोन सेकंदांत एक पडताना दिसतात. बोटाने सहज मोजता येतात. दोन विद्यार्थ्यांनी ते स्वतंत्रपणे मोजले, कुठला व्हिडिओ किती तापमानाचा हे त्यांना सांगितलं नव्हतं. प्रोग्रामचे आणि माणसाचे आकडे किती जुळतात हे पाहताना सहसंबंधाचा गुणांक न काढता प्रत्येक जोडीतला फरक मांडला. दहा सेकंदांच्या तुकड्यात फूरिएची टोकं मिनिटाला 6 ठोक्यांच्या पायरीने वेगळी होतात, त्याहून बारीक अचूकतेचा दावा केला नाही.

निष्पत्ती

दुसऱ्या फेरीत हृदयगती तापमानाबरोबर वाढली, पुस्तकात अपेक्षित असते तशीच. नवं काही सापडलं नाही आणि प्रबंधात तसंच लिहिलं. पहिल्या महिन्याची नोंद परिशिष्टात दिली, कातेच्या आलेखासह. तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी त्याच पानावर सर्वांत जास्त वेळ विचारलं आणि तिने न अडखळता उत्तरं दिली.

काय वेगळं करता आलं असतं

कातेची चाचणी पहिल्या दिवशी व्हायला हवी होती. ती दहा मिनिटांची होती, तिच्यासाठी प्राणी मारावा लागत नव्हता आणि कात डिशमध्येच पडलेली होती. प्रात्यक्षिकात आपण नियंत्रण प्रयोग शिकवतो तो औषधासाठी: औषध घातलेला गट, न घातलेला गट. मोजमाप करणाऱ्या यंत्रालाही नियंत्रण लागतं, हे मी माझ्या विद्यार्थ्यांना कधी स्पष्ट सांगितलं नव्हतं.

चाचणी सकाळच्या उन्हात आणि खरी नोंद संध्याकाळच्या बल्बखाली, हा बदल आम्हाला बदल वाटलाच नाही. पडताळणी ज्या उजेडात केली त्याच उजेडात नोंद घ्यावी, किंवा उजेड बदलला की पडताळणी पुन्हा करावी. प्रोग्राम फक्त एक आकडा देत होता, हेही चुकलं. सगळा वर्णपट, म्हणजे फूरिए विश्लेषणाचा पूर्ण आलेख, समोर असता तर दोन टोकं पहिल्याच संध्याकाळी दिसली असती. तापमानही आम्ही सुरुवातीला खोलीचं लिहीत होतो. डिशमधल्या पाण्याचं तापमान खालच्या दिव्यामुळे वेगळं असतं, ते दुसऱ्या फेरीत तिथेच मोजलं.

हे ऐकून एका पशुवैद्य मित्राने विचारलं की गोठ्यात गाईवर कॅमेरा लावून असं जमेल का. गाईचे ठोके मिनिटाला साधारण 50 ते 80 असतात. रवंथ करताना जबडाही मिनिटाला साठच्या आसपास हलतो. डॅफ्नियाच्या पायांनी आम्हाला फसवलं तसं तिथे रवंथ फसवेल. मी त्याला सांगितलं, कॅमेरा लाव, पण आधी जबड्यावर आणि गव्हाणीच्या भिंतीवर चौकट ठेवून बघ, आणि स्टेथोस्कोप हातचा सोडू नकोस.

एक गोष्ट दुसऱ्या फेरीतही सुटली नाही. डॅफ्निया टुणकन वर उडी मारतो आणि मग हळूहळू खाली बुडत येतो. उडीच्या क्षणी अंग वळतं, चित्र पुसट होतं, चौकट सुटते, आणि आमच्या नियमांप्रमाणे तो तुकडा बाद होतो. उरलेले बहुतेक तुकडे प्राणी बुडत असतानाचे किंवा तळाशी थांबलेला असतानाचे. म्हणजे आम्ही मोकळ्या प्राण्याचे म्हणून जे आकडे दिले ते त्याच्या निवांत क्षणांचे आहेत. उडीबरोबर हृदय वेग घेतं का, हे विद्यार्थिनीला मुळापासून जाणून घ्यायचं होतं. त्यासाठी दोन बाजूंनी दोन कॅमेरे एकाच वेळी चालवावे लागतील. पुढच्या वर्षीच्या विद्यार्थ्याने ते हाती घेतलं आहे. त्याच्या वहीच्या पहिल्या पानावर, उजेडाच्या आणि फ्रेमच्या नोंदीखाली, रिकाम्या कातेचा आलेख चिकटवलेला आहे. तो सपाट आला आहे.